सरांच्या फ्लॉप्या

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. विषय ऐकून भाचेमंडळी हसतील. मराठी घेऊन बी.ए. झालेली, आयुष्यभर ऱ्हस्व-दीर्घ तपासणारी बाई जुन्या कॉम्प्युटर गेम्सवर आणि कॉपीराइटच्या कायद्यावर काय लिहिणार? पण निमित्तच तसं घडलं.

गेल्या महिन्यात आमच्या गणिताच्या सरांची मुलगी घरी आली होती. माझीच विद्यार्थिनी. पन्नाशी ओलांडली, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या पदावर आहे, तरी मला अजून 'बाई'च म्हणते. सर २०२१ साली गेले. साताऱ्याचं घर विकायचं ठरलं म्हणून ती माळा आवरत होती, तेव्हा तिला बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सात फ्लॉप्या सापडल्या. सव्वापाच इंची, काळ्या, वाकणाऱ्या. त्यातल्या एकीवर सरांच्या अक्षरात लिहिलं होतं, "वेलांटीची गाडी. बाईंनी तपासलेली प्रत."

ते वाचलं आणि मी उगाचच चष्मा पुसत बसले.

आता जरा मागे जाते. १९८४ साली केंद्र सरकारने शाळांमध्ये संगणक पोचवण्याची 'क्लास' नावाची योजना सुरू केली. त्या योजनेतून दोनेक वर्षांनी आमच्या शाळेतही संगणक आले. ब्रिटनमधल्या एकॉर्न कंपनीचे, 'बीबीसी मायक्रो' नावाचे. खोलीला नवा पडदा, बाहेर चपला काढायच्या, आत शिरताना देवळात शिरल्यासारखं व्हायचं. गणिताच्या सरांकडे त्या खोलीची किल्ली. शाळा सुटली की सर तिथेच.

एक दिवस मला म्हणाले, "बाई, मुलं ऱ्हस्व-दीर्घ चुकतात ना, आपण त्याचा खेळ करू." मी म्हटलं, "सर, तुमच्या यंत्राला मराठी कुठे येतंय?" तर म्हणाले, "शिकवू की. तुम्ही बाई आहात ना?"

आणि खरंच शिकवलं. आलेख कागदावर आठ बाय आठ चौकोन आखायचे. जिथे रेघ हवी तो चौकोन भरायचा. मग प्रत्येक ओळीतल्या भरलेल्या चौकोनांची बेरीज करायची: पहिला चौकोन १२८, मग ६४, ३२, १६, ८, ४, २ आणि शेवटचा १. आठ ओळींचे आठ आकडे यंत्राला दिले की पडद्यावर अक्षर उमटायचं. वेलांट्या आणि उकार एका चौकटीत मावेनात, म्हणून एका अक्षराला एकाखाली एक अशा दोन चौकटी. अक्षरं मी काढली, बेरजा मुलांनी केल्या, प्रोग्रॅम सरांनी लिहिला. 'ळ' काही केल्या नीट बसेना. दोन बटाटे शेजारी ठेवल्यासारखा दिसायचा. मुलं त्याला 'बटाट्याचा ळ' म्हणायची!

खेळ साधाच. पडद्यावर 'फूलाला' आणि 'फुलाला' असे दोन शब्द यायचे, बरोबर शब्दाचा आकडा दाबला की आगगाडी एक स्टेशन पुढे. चुकलं की सिग्नल लाल. तीनदा चुकलं की गाडी तिथेच उभी. मी वर्गात कंठशोष करून जे शिकवू शकले नाही ते त्या गाडीने काही मुलांना शिकवलं, हे आज कबूल करायला हरकत नाही.

पुढे नवे संगणक आले. जुने काही वर्षं कोपऱ्यात पडून होते, मग एका उन्हाळ्याच्या सुट्टीत भंगारात गेले. तेव्हा कोणालाच काही वाटलं नाही. मलाही नाही.

तर सरांच्या मुलीच्या ओळखीत जुन्या यंत्रांचं वेड असलेला एक मुलगा आहे. फ्लॉपीवरचे चुंबकीय ठसे वाचणारं छोटं उपकरण त्याच्याकडे आहे. सातपैकी चार फ्लॉप्यांना बुरशी लागली होती (साताऱ्याचा पाऊस!), त्या गेल्याच. तीन वाचता आल्या. त्या तिघींत 'वेलांटीची गाडी' होती. तिने माझ्या लॅपटॉपवर एक एम्युलेटर घातला आणि ती सुरू करून दिली.

एम्युलेटर म्हणजे बहुरूपी समजा. गावात बहुरूपी यायचा, पोलिसाचं सोंग घ्यायचा, आणि क्षणभर खरा पोलीस आला म्हणून आपण दचकायचो. तसा हा प्रोग्रॅम जुन्या संगणकाचं सोंग घेतो, आणि जुन्या खेळाला वाटतं की आपण आपल्या जुन्याच यंत्रावर आहोत. बिचारा चालू लागतो.

गाडी सुटली. 'बटाट्याचा ळ' आला. रात्री साडेबारापर्यंत आम्ही दोघी खेळत होतो. सरांनी कुठल्या शब्दाला हटकून चकवा ठेवला होता ते मला आठवत होतं, तरी मी चुकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना ती म्हणाली, "बाई, सगळं एकत्र करून नेटवर टाकू या का? जुनी मुलं किती खूश होतील!"

मी विचारलं, "अगं, पण कायद्याने चालतं का हे?"

ती हसली. "बाई, चाळीस वर्षांपूर्वीचं आहे हो ते. कोण विचारतंय?"

हे 'कोण विचारतंय' मला टोचलं. परीक्षेत कॉपी करताना सापडलेली मुलं अगदी हेच म्हणायची. चौतीस वर्षं मी त्यांना सांगत आले की, कोणी विचारत नसलं तरी आपण स्वतःला विचारायचं असतं. मग आता मी विचारायला नको?

म्हणून गेले तीन आठवडे शब्दकोश शेजारी ठेवून भारताचा १९५७ चा कॉपीराइट कायदा वाचते आहे. जे कळलं ते तुमच्यापुढे मांडते.

आमच्या त्या खेळात तीन वेगळ्या वस्तू आहेत. पहिली, सरांचा खेळ. आपल्या कायद्यात संगणकाचा प्रोग्रॅम हा 'साहित्यकृती' मानला जातो. (सर साहित्यिक! त्यांना सांगायला हवं होतं.) लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे, म्हणजे २०८१ च्या अखेरपर्यंत. नोकरीच्या ओघात केलेल्या कामाचा पहिला मालक मात्र मालक-संस्था, असंही कायदा म्हणतो. शाळा सुटल्यावर फुकट चौकोन भरत बसणं नोकरीच्या ओघात येतं का, यावर वकिलांनी भांडावं. मी सरांच्या मुलीची लेखी संमती घेतली, शाळेचं पत्रही आणलं. तो प्रश्न मिटला.

दुसरी वस्तू, तो बहुरूपी. एम्युलेटर बनवणं हाच गुन्हा आहे असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. अमेरिकेत 'कनेक्टिक्स' नावाच्या कंपनीने सोनीच्या प्लेस्टेशनचं सोंग घेणारा प्रोग्रॅम काढला. सोनी कोर्टात गेली. २००० साली तिथल्या अपील न्यायालयाने निकाल दिला की यंत्र कसं चालतं हे समजून घेण्यासाठी कनेक्टिक्सने सोनीचा प्रोग्रॅम अभ्यासला, त्यासाठी त्याच्या प्रतीही केल्या, तरी बाजारात आणलेल्या वस्तूत सोनीचं काही नव्हतं, सगळं स्वतः लिहिलेलं होतं. म्हणून तो वाजवी वापर. (पुढे २००१ मध्ये सोनीने तो प्रोग्रॅमच विकत घेतला आणि बंद केला. कोर्टात हरलेला माणूस बाजारात जिंकतो तो असा.) थोडक्यात, पोलिसाचं सोंग घ्यायला हरकत नाही, खऱ्या पोलिसाचे कपडे चोरायचे नाहीत.

आणि तिसरी वस्तू म्हणजे नेमके हे कपडे. बीबीसी मायक्रोच्या दोन चिपमध्ये १६-१६ किलोबाइटचा मजकूर कायमचा कोरलेला होता: एकात यंत्र चालवणारी व्यवस्था, दुसऱ्यात बेसिक ही भाषा. याला रॉम म्हणतात. सरांचा खेळ बेसिकमध्ये लिहिलेला, त्यामुळे रॉमशिवाय तो हलत नाही. माझ्या लॅपटॉपवर एम्युलेटरबरोबर ही ३२ किलोबाइटही आली आहेत. मोबाइलवर येणाऱ्या सुप्रभातच्या फोटोपेक्षा लहान! पण ती आमची नाहीत, एकॉर्नची आहेत.

आणि एकॉर्न कुठे आहे? आज आपल्या बहुतेक मोबाइलच्या चिप ज्या घराण्याच्या, ते एआरएम याच एकॉर्नच्या पोटी जन्मलं. पण मूळ कंपनी १९९० च्या दशकाअखेर फुटली, तिचे तुकडे निरनिराळ्या हातांत गेले. त्या ३२ किलोबाइटची परवानगी मागायला मी कोणत्या दारावर थाप मारू?

आपल्या कायद्यात एक चांगली सोय आहे. प्रोग्रॅमची प्रत ज्याच्या कायदेशीर ताब्यात आहे त्याला ती नष्ट होऊ नये म्हणून राखीव प्रत करता येते. म्हणजे शाळेने ते संगणक जपून ठेवले असते तर आम्हाला बोलायला जागा होती. पण ते भंगारात गेले. त्या चिपचा कायदेशीर ताबा आज कोणाकडे असेलच, तर तो भंगारवाल्याकडे!

मालक सापडत नसेल तर काय? त्यालाही कलम आहे. रीतसर अर्ज करून परवाना मागता येतो; मात्र त्याआधी देशाच्या मोठ्या भागात खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यायची. मराठी ऱ्हस्व-दीर्घाच्या खेळासाठी मी दिल्ली-मुंबईच्या इंग्रजी पेपरात जाहिरात देते आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आणा.

आणि नाही केलं हे सगळं तर? बेकायदा प्रत आहे हे माहीत असून प्रोग्रॅम वापरणं हा आपल्याकडे गुन्हा आहे. कमीत कमी सात दिवस आणि जास्तीत जास्त तीन वर्षं कैद, शिवाय दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद माफ करून नुसता ५० हजारांपर्यंत दंड करू शकतं. गंमत बघा, 'माहीत असून' हे महत्त्वाचं. मी कायदा वाचला नसता तर निदान अजाण तरी राहिले असते.

आता माझं म्हणणं सांगते. आपल्यात म्हणतात, मौन म्हणजे संमती. कॉपीराइटच्या कायद्यात उलट आहे. तिथे मौन म्हणजे नकार. मालक विकत नाही, मालक उत्तर देत नाही, मालक उरलेलाच नाही; प्रत्येक वेळी कायद्याला एकच ऐकू येतं, 'नाही'.

पुस्तकाच्या बाबतीत हे चालून जातं, कारण कागद वाट बघू शकतो. साने गुरुजी १९५० साली गेले. त्यांच्या पुस्तकांवरचा हक्क २०१० च्या अखेरीस संपला, आणि मग 'श्यामची आई' कोणालाही छापता येऊ लागली. १९३५ चं पुस्तक तेव्हा पाऊणशे वर्षांचं होतं, पण घरोघरी, वाचनालयात प्रती होत्या. फ्लॉपी पाऊणशे वर्षं थांबत नाही. सरांच्या सातांपैकी चार चाळिशीच्या आत गेल्या. कायदा माणसाच्या आयुष्यावर मुदत मोजतो, बुरशी पावसाळ्यांवर.

बरं, पुस्तकासाठी कायद्याने वाचनालयाला सवलतही दिली आहे. भारतात विकत मिळत नसलेल्या पुस्तकाच्या तीन प्रती सार्वजनिक वाचनालय करून ठेवू शकतं. किती शहाणपणाची तरतूद! ती पुस्तकापुरती आहे, प्रोग्रॅमला नाही. २०१२ च्या दुरुस्तीने वाचनालयाला जतनासाठी कोणतीही कृती संगणकावर साठवायची मुभा दिली, पण अट अशी की वाचनालयाकडे तिची डिजिटल नसलेली प्रत आधी हवी. ज्या वस्तूचा जन्मच डिजिटल, तिची डिजिटल नसलेली प्रत आणायची कुठून?

अमेरिकेतही फार वेगळं नाही. तिथल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेने २०२३ मध्ये पाहणी केली. २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळतच नाहीत. मग संशोधकांना घरबसल्या असे खेळ उघडून पाहता यावेत, एवढी सवलत ग्रंथालयांनी मागितली. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ती नाकारली गेली. लोक नुसती मजा म्हणून खेळतील आणि जुन्या खेळांचा बाजार बुडेल, अशी भीती.

ती भीती अगदीच खोटी नाही, हेही सांगते. 'जुनं ते सगळं फुकट' म्हणणाऱ्यांच्या पंगतीला मी बसणार नाही. जुन्या खेळांना बाजार आहे. 'गॉग' नावाचं दुकान २००८ पासून जुने खेळ रीतसर विकतं, निन्टेंडो वर्गणी घेऊन आपले जुने खेळ देते. जे दुकानात मिळतं ते विकत घ्यावं. २०२४ मध्ये निन्टेंडोने 'युझू' नावाच्या एम्युलेटरच्या कर्त्यांवर दावा लावला. तो त्यांच्या चालू यंत्राचा एम्युलेटर होता, आणि झेल्डाचा नवा खेळ दुकानात येण्याआधीच दहा लाखांहून जास्त वेळा चोरून उतरवला गेला, असं कंपनीचं म्हणणं होतं. २४ लाख डॉलर देऊन ते प्रकरण मिटलं. तिथे मालक हजर होता, बोलत होता, विकत होता. माझी सहानुभूती तिथे कंपनीला आहे. माझ्या ओळखीच्या एका लेखिकेच्या व्याकरणाच्या पुस्तकाच्या झेरॉक्स वर्गावर्गांतून फिरायच्या आणि तिच्या हातात काही पडायचं नाही, हे मी पाहिलेलं आहे.

पण बोलणारा मालक आणि उरलेलाच नसलेला मालक यांना एकच नियम कसा?

मला विचाराल तर साधी गोष्ट करावी. एखादा प्रोग्रॅम किंवा खेळ अमुक वर्षं, समजा पंधरा, कुठेच विकत मिळत नसेल, तर शाळा, वाचनालयं, संग्रहालयं यांना तो जतन करायची, आणि पैसे न घेता वापरू द्यायची मुभा असावी. रॉमसकट. मालक उद्या उठून म्हणाला, "माझं आहे, मी पुन्हा विकणार आहे," तर त्याच दिवशी थांबायचं. त्याचा हक्क जात नाही, फक्त त्याच्या मौनाचा अर्थ बदलतो. पुस्तकाच्या तीन प्रतींना जे शहाणपण लावलं तेच पुढे न्यायचं, नवीन काही नाही.

शिवाय यात मालकाचंही हित आहे. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' आठवतो? तुमच्यातल्या कित्येकांनी खेळला असेल, आमच्या चिरंजीवांनी तर दहावीच्या वर्षी! जॉर्डन मेकनर यांनी तो १९८९ मध्ये केला. त्याचा मूळ प्रोग्रॅम त्यांच्या स्वतःकडेच राहिला नव्हता. २०१२ साली त्यांच्या वडिलांना घरातल्या खोक्यात फ्लॉप्या सापडल्या, आणि जुन्या यंत्रांच्या जाणकारांनी त्या वाचून दिल्या. जगप्रसिद्ध खेळाची ही गत, मग साताऱ्याच्या गाडीचं काय!

असो. शेवटी मी काय केलं, तर सरांचा खेळ, माझी अक्षरं आणि शब्दांची यादी मागेल त्या जुन्या विद्यार्थ्याला, शाळेला खुशाल देणार आहे. ते आमचं आहे. त्यासोबत ती ३२ किलोबाइट मी देणार नाही, नेटवरही टाकणार नाही. ती माझी नाहीत. सरांची मुलगी म्हणाली, "बाई, मग उपयोग काय? गाडी आहे आणि रूळ नाहीत." तिचं खरं आहे. तिने आता मूळ रॉमऐवजी आधुनिक बेसिकमध्ये खेळ पुन्हा लिहायला घेतला आहे. बटाट्याचा ळ तसाच ठेवायचा, अशी माझी अट आहे.

पण माझ्या लॅपटॉपवरची प्रत मी काढलेली नाही. सरांनी बनवली तशीच गाडी, त्याच लाल सिग्नलसकट, तिथेच चालते. गुन्हा असेल तर माहीत असून केलेला आहे. आयुष्यभर कॉपी पकडलेल्या बाईने हे लिहून ठेवावं, लपवू नये, म्हणून लिहिलं.

तुमच्या माळ्यावर असे डबे असतील तर या पावसाळ्याआधी खाली काढा आणि वाचून घ्या. कायद्यावर आपण नंतर भांडू. आणि मी कुठे चुकते आहे असं वाटलं तर जरूर लिहा, तीनदा चुकेपर्यंत गाडी चालू राहते.

ता. क. भाऊसाहेब, 'तू आता कॉम्प्युटर इंजिनिअर झालीस' असा फोन करण्याआधी लेख पूर्ण वाचावा, ही विनंती.